गव्हाची पलटण, ज्वारीचं घर

माझं लग्न ठरवताना आबांनी पाहुण्यांना एवढंच सांगितलं की पोरगा मिलिटरीत आहे. त्यात खोटं काही नव्हतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये मी इतरांसारखाच चिखलात लोळलो होतो, रायफल चालवली होती, कसम परेडला शपथ घेतली होती. पोरगा पलटणीत नेमकं काय करतो हे पाहुण्यांनी विचारलं नाही आणि आबांनी आपणहून सांगितलं नाही. भालकी तालुक्यात 1987 साली मिलिटरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एक तर बंदूक यायची, नाहीतर बीदरच्या हवाई दलाच्या तळावरून घिरट्या घालणारी शिकाऊ वैमानिकांची विमानं. आमची आई तर आवाज आला की चुलीपुढून उठून अंगणात यायची. त्यात मी नाही हे तिला ठाऊक होतं. पण माझ्याच खात्यातलं कुणीतरी डोक्यावरून चाललंय, एवढं तिला पुरे व्हायचं.

बायकोला खरं कळलं पहिल्या सुट्टीत. घरी जावळाचा कार्यक्रम होता, पन्नासेक माणसं जेवायची होती आणि कणीक मळायला बसलेल्या दोघीतिघी हात भरून आले म्हणून कुरकुरत होत्या. मी परात ओढली, बाह्या सारल्या आणि मुठींनी कणीक रगडायला लागलो. सहा किलो पीठ बघता बघता गोळा झालं. ती दारात उभी राहून बघत होती. रात्री म्हणाली, "कुठं शिकलाव हे?"

"ड्युटीच ती हाय माझी."

ती बराच वेळ गप्प बसली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आमच्या बापानं मिल्ट्रीवाला म्हणून जावई आणला आन् निघाला आचारी."

आचारी नव्हे, लांगरी. फौजेत आम्हाला लांगरी म्हणतात आणि आमच्या स्वयंपाकघराला लंगर. कागदावर माझी ओळख होती सिपाही, ट्रेड कुक. आता त्याच कागदावर शेफ असं छापतात. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अग्निवीर ट्रेड्समन म्हणून आमच्याच रेजिमेंटला लागला, तेव्हा त्याच्या भरतीच्या फॉर्मवर तो शब्द मी वाचला आणि मला उगाच उंची वाढल्यासारखं वाटलं. काम तेच. कांदा तोच.

मी भरती झालो 1984 ला. भालकीहून गुलबर्गा, तिथून विजापूरमार्गे बेळगाव, मांडीवर काळी पेटी घेऊन एसटीनं. हा पोरगा बीदरहून कलबुर्गीला रेल्वेनं गेला, 2017 साली सुरू झालेल्या लाइनवरून. गावाचं नाव बदललं, रस्ता बदलला, पण बेळगावात (त्याच्या तोंडी बेळगावीत) गेल्यावर त्याची थट्टा झाली ती मात्र माझ्यासारखीच. कोल्हापूर-साताऱ्याची पोरं तिथं जास्त. आम्ही तोंड उघडलं आणि "काय करूलालाव", "कुठं जाऊलालाव" म्हटलं की बराकीत हशा. "अरे, हा मराठी बोलतोय का कानडी?" मला तर एका नाईक साहेबांनी नावानं कधी हाकच मारली नाही, "ए करूलालाव" म्हणूनच बोलवायचे. निजामाच्या राज्यातला मुलूख आमचा. 1956 ला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, उदगीर-निलंगा तिकडं, आजच्या महाराष्ट्रात, आणि भालकी-औराद इकडं कर्नाटकात. हे सगळं त्यांना समजावून सांगण्यापेक्षा मी चपात्या लाटत राहिलो.

आणि चपात्या म्हणजे किती! कंपनीचे जवान 110. माणशी पाच धरल्या तरी एका वेळेला साडेपाचशे. आम्ही चौघं लांगरी. पहाटे तीनला उठायचं, भट्टी पेटवायची. माझ्या सुरुवातीच्या काळात लाकूड आणि दगडी कोळसा होता, मग पंप मारायचे रॉकेलचे बर्नर आले. तो बर्नर पेटला की अशी घरघर व्हायची की शेजारी उभ्या माणसाशी खुणेनं बोलावं लागे. पाचला चहा, कारण सहाला पीटी. पीटीहून घामाघूम होऊन आले की पुरी-भाजी. साडेदहाला टी ब्रेक, त्याला भजी नाहीतर शक्करपारे. दुपारचं जेवण, खेळाच्या वेळेचा चहा, रोल कॉलच्या आसपास रात्रीचं जेवण. मधे भांडी. ही यादी वाचायला सोपी वाटते. ती जगताना मात्र एक जेवण उरकण्याआधी दुसरं अंगावर यायचं आणि आज वार कोणता हे फळ्यावरच्या मेनूवरून कळायचं.

माझे उस्ताद रत्नागिरीकडचे. बोलणं कमी, हात जास्त. त्यांनी मला पहिल्या वर्षी मिठाला हात लावू दिला नाही. शंभर माणसांच्या डाळीत मीठ किती, हे ते वजनानं सांगायचेच नाहीत. डेगचीवर वाकायचे, वाफ नाकात घ्यायचे, मुठीनं टाकायचे. मला तो अंदाज यायला तीन वर्षं लागली. आणि एकदा आला तो कायमचा. आज घरात चौघांची आमटी करायला घेतली की मी अडाणी. बायको मिठाचा डबा हातातून काढून घेते.

उस्तादांचीच एक युक्ती सांगतो, आता सांगायला हरकत नाही. डाळ खाली लागली तर ढवळायची नाही. वरची वर हलक्या हातानं दुसऱ्या डेगचीत काढायची, मधोमध एक वाटी तरंगत ठेवायची, त्यात रसरशीत निखारा टाकून वर चमचाभर तूप सोडायचं आणि झाकण दाबून बसायचं. करपट वास त्या धुरात लपतो. असं पहिल्यांदा केलं त्या दिवशी दोन जवान आत येऊन विचारून गेले, आज डाळीत काय टाकलंय. उस्ताद गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मेहनत."

पलटणीच्या भाषेत जागा दोनच, फिल्ड आणि पीस. बटालियन पीसला आली की जवानांचे चेहरे उजळायचे. क्वार्टर मिळणार, बायका-पोरं येणार, संध्याकाळी बाजारात फिरता येणार. लांगऱ्याच्या पोटात मात्र गोळा. फिल्डला भूकच स्वयंपाक करते. 2001 च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि आमची बटालियन पीस सोडून राजस्थानच्या वाळूत जाऊन बसली. तिथं वारं सुटलं की डेगचीवर झाकण असो नसो, वाळू आत जायचीच. दाताखाली कचकचणारी खिचडी मी वाढली आणि एकानंही तोंड वाकडं केलं नाही. एक पोरगा तर बोटं चाटत म्हणाला, "उस्ताद, असली खिचडी घरी पण नाही मिळत." परत पीसला आल्यावर हाच पोरगा पंख्याखाली बसून चपातीचा काठ बोटानं दाबून बघायचा, कच्ची तर नाही ना. पीसमध्ये माणसाला जीभ फुटते.

त्यात महिन्याला दरबार. सगळी पलटण कमांडिंग ऑफिसर साहेबांपुढं बसायची आणि कुणालाही उठून गाऱ्हाणं मांडता यायचं. उत्तरेतल्या एका छावणीत असताना एक जवान उठला, सावधान झाला आणि म्हणाला, "साहेब, लंगरातला राजमा दाताखाली वाजतो." खरं होतं. आदल्या रात्री राजमा भिजत घालायचा मी विसरलो होतो आणि सकाळी सोडा टाकून त्याच्यावर जबरदस्ती केली होती. सीओ साहेबांनी सुभेदार मेजर साहेबांकडं बघितलं. त्यांनी आमच्या कंपनीच्या सुभेदारांकडं. सुभेदारांनी क्वार्टरमास्टर हवालदाराकडं. ती नजर एकेक पायरी उतरत माझ्यापाशी आली आणि थांबली, कारण माझ्या खाली कुणी नव्हतं. अजूनही रात्री अंथरुणावर पडण्याआधी मी बायकोला विचारतो, उद्या काही भिजवायचंय का.

एवढं असूनही लंगरासारखी मैफल पलटणीत दुसरी नव्हती. फटीगवर आलेली पोरं पोत्यावर बसून बटाटे सोलायची आणि सोलता सोलता कुणाचं काय चाललंय ते सगळं बाहेर पडायचं. कुणाच्या बांधाची भांडणं, कुणाच्या बायकोचं पत्र आलेलं नाही, कुणाला सुट्टी नाकारली. आंतरदेशीय पत्र हातात घेऊन कोपऱ्यात उभं राहिलेलं पोरगं लांगऱ्याला लांबून कळतं. त्याला काही विचारायचं नाही, एक गरम चपाती गूळ-तूप लावून हातात द्यायची. पुतण्या म्हणतो, आता फटीगवर पोरं येतात, बटाटे सोलतात, पण सुट्टी मिळाली की सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. ज्याला घरची खबर हवी ती त्याला खिशातच मिळते. मी म्हणालो, बरंच झालं की. माझी आजी गेली तेव्हा मला ते अकरा दिवसांनी कळलं होतं.

आता ज्वारीचं सांगतो, कारण मुळात तेच सांगायला बसलो.

आमच्या घरी गहू सणाचा. पोळी पाडव्याला, हुग्गी लग्नाला; बाकी वर्षभर सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी. फौजेत गेल्यावर पहिला आठवडा मला रोज सण वाटला. दुसऱ्या महिन्यात पोट विचारायला लागलं, भाकरी कुठाय? दिवसाला हजार चपात्या हाताखालून जायच्या आणि रात्री स्वप्नात आईच्या तव्यावरचा फुगलेला पापुद्रा दिसायचा. मी एकदा उस्तादांना विचारलंही, आपल्याला राशनला ज्वारी का येत नाही? ते म्हणाले, "आली तर थापणार कोण? तू?" मुद्दा रास्त होता. चपाती चौघं मिळून लाटतात, एक भाजतो, फौज जेवते. भाकरी एकेक हातानं थापावी लागते, घाई केली की मोडते. शिवाय ज्वारीचं पीठ ताजं लागतं. महिनाभर पोत्यात बसलं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, काठ फाटणारच. डेपोतून पोती उतरवून घेणाऱ्या लंगराला गहूच सोयीचा, हे माझं आपलं लांगरी डोक्याचं मत.

1991 ला बटालियन सिकंदराबादला होती. घराच्या एवढ्या जवळ मी नोकरीत कधीच नव्हतो, बीदरहून सकाळी बसलेला माणूस दुपारी पोचायचा. एका दुपारी गेटवरून निरोप आला, तुझे वडील आलेत. धोतर, पांढरा पटका, काखेत गाठोडं. गाठोड्यात आदल्या दिवशी दळलेलं शाळूचं पीठ, शेंगांची चटणी आणि आळंदच्या मावशीनं दिलेली तुरीची डाळ. त्या भागातल्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला ते मावशीच्या डाळीच्या वासावरून आधीच ठाऊक होतं.

आबांना लंगराच्या दाराशी बाकावर बसवलं. जेवणाची वेळ झाली होती, मला थांबता येईना. बादल्या भरून डाळ, परातीत भात, चपात्यांची चळत. जवान ताटं घेऊन रांगेत यायचे आणि पुढं सरकायचे. आबा नुसते बघत होते. मला मनातून लाज वाटत होती. ज्यांनी चार वर्षांपूर्वी पाहुण्यांपुढं माझं काम झाकलं होतं, ते आज माझ्या पुढ्यात बसून ते काम बघत होते. शेवटचा जवान जेवून ताट धुवायला गेला, तेव्हा मी त्यांचं ताट आणलं. त्यांनी घास घेण्याआधी विचारलं, "एवढ्या लोकांला रोज?"

"रोज. तीन वेळा."

थोडं खाल्ल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडं वर्षातनं एकदा येळवस येती. शेतात वाटंनं जाणाऱ्याला बी बोलावून भज्जी-आंबील वाढताव आपण. तुझ्याकडं रोजच येळवस हाय की."

गावी परतल्यावर त्यांनी पारावर बसून ज्याला त्याला सांगितलं, आमचं पोरगं पलटणीला जेवू घालतंय. पुढं मी सुट्टीवर गेलो तेव्हा लोक मला लांगरी म्हणून हाक मारायचे आणि आबा ऐकून खूश व्हायचे.

आबा आले होते त्या रात्री रोल कॉल झाल्यावर भट्टी मंद केली आणि पाणी उकळायला ठेवलं. लंगरात काठवट कुठली? चपातीचीच परात उलटी घातली. पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं, तळहातानं दाबून दाबून मऊ केलं आणि पहिली भाकरी थापली. चपातीचा तो जाड लोखंडी तवा एवढा मोठा की तिघांच्या भाकऱ्या एकदम बसल्या असत्या. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्यावर टाकली. फुगली. वासावर पहिला आला सोलापूरचा एक हवालदार. अंगात बनियन, हातात स्वतःचं ताट. मग सांगलीचे दोघं. मग कुणीतरी सुभेदार मेजर साहेबांना सांगितलं आणि साहेब स्वतः आले, म्हणाले, "उठू नका, बसा." एकूण 14 भाकऱ्या झाल्या. पीठ संपलं. चटणीचा डबा बोटानं पुसून ठेवला होता कुणीतरी. साहेब जाताना आबांच्या पाया पडले. वयानं ते आबांपेक्षा थोडेच लहान असतील.

मी 2006 ला नायक म्हणून पेन्शनीत आलो. वाटलं होतं, आता मरेपर्यंत भाकरी. पहिली काही वर्षं मिळालीही. लोक लग्नाला बोलवायचे, हजार माणसांचं वरण-भात-हुग्गी म्हणजे मला दोन कंपन्यांच्या बडा खान्याएवढंच वाटायचं. हळूहळू शिवारातनं ज्वारी गेली. सोयाबीन आलं, कारंजा धरणाच्या पाण्यावर ऊस आला. ज्वारी काढायला माणूस मिळेना, पाखरं राखायला पोर मिळेना आणि भावात सोयाबीनची बरोबरी होईना. शेतकऱ्याला नावं ठेवायला मला जागा नाही, आमच्याही रानात सोयाबीनच आहे. मग 2013 च्या जुलैत कर्नाटक सरकारनं रुपयाला किलो तांदूळ सुरू केला आणि संध्याकाळची चूल भातावर आली. सूनबाई चपात्या सुरेख करते. भाकरी तिला येत नाही, तिच्या माहेरीही कुणी करत नव्हतं. पाहुणे आले की कलबुर्गीकडच्या बचत गटाच्या बायकांनी बांधलेलं कडक भाकरीचं पाकीट आणतो. पापडासारखी कुडकुडीत, महिनाभर टिकते, चवीला झकास. पण ती वाळवून ठेवायची भाकरी. तव्यावरून ताटात येणारी वेगळी. आणि लग्नात माझी कढई आता कुणी मागत नाही. केटरर येतात, गोबी मंचुरियन असतं, जिरा राइस असतो, लोक ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवतात. आम्ही फौजेत फिल्डलासुद्धा बसून जेवायचो.

म्हणजे मी ज्वारीच्या घरातून गव्हाच्या पलटणीत गेलो आणि परत आलो तोवर घरच गव्हाचं झालं होतं. याच्यावर चेष्टा अशी की 2023 च्या मार्चमध्ये लष्करानं जाहीर केलं, अर्ध्या शतकाहून जास्त काळानंतर जवानांच्या राशनमध्ये भरडधान्याचं पीठ पुन्हा येणार. बाजरी, ज्वारी, नाचणी. धान्याच्या ठरलेल्या वाट्यातला पंचवीस टक्क्यांपर्यंतचा भाग. बातमी मी दोनदा वाचली. उस्ताद असते तर त्यांनी तोच प्रश्न विचारला असता, थापणार कोण?

पुतण्याचं लंगर मी व्हिडिओ कॉलवर फिरून बघितलंय. गॅसची शेगडी, स्टीलची टेबलं, कणीक मळायचं यंत्र, चपात्या लाटून भाजून खाली टाकणारं यंत्र. धूर नाही. माझ्या उस्तादांचे डोळे बारमाही लाल असायचे, त्यामुळं जुनं ते सोनं असलं काही मी म्हणणार नाही. ते यंत्र मला 1984 साली मिळालं असतं तर मी त्याला रोज उदबत्ती लावली असती. एकच गोष्ट सलते. मला 22 वर्षं मिळाली, याला करार चार वर्षांचा. चारांतल्या एकालाच पुढं ठेवणार म्हणतात. मिठाचा अंदाज यायला तीन वर्षं धरली तर उरलं किती? पोरगा म्हणतो, "काका, आता मीठ मोजून टाकतेत." असेल.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज घाईचा. "काका, ज्वारीचं पीठ आलंय. उद्या भाकरी करा म्हणलेत. सगळे माझ्याकडं बघूलालेत, म्हणतेत तू बीदरचा, तुला येत असंल."

"मग?"

"मोडूलालीय."

नुसतं सांगून हे शिकवता येत नाही, करून दाखवावं लागतं. घरात ज्वारीचं पीठ नव्हतं. बायको दोन घरं हिंडली. तिसऱ्या घरी कडब्यासाठी म्हणून अर्धा एकर ज्वारी पेरतात, तिथून डबाभर पीठ मिळालं. सूनबाईनं मोबाइल पाट्यावर टेकवून उभा केला आणि मी चुलीपुढं मांडी घातली. तिकडं पडद्यात चार-पाच पोरांची डोकी एकमेकांवर वाकलेली.

"पाणी उकळलंय का?"

"कोमट हाय."

"उकळ आधी. जुन्या पिठाला विरी नसती, ती पाण्यातनं आणावी लागती. आधी पीठ त्या पाण्यात कालव, मग मळ. तळहातानं. मुठीनं नको, ती कणीक नव्हे."

माझी भाकरी तव्यावर पडली. तिकडं परातीवर हात पडायला लागले, थप, थप, थांबून परत थप. मधे आवाज तुटायचा, चित्र अडकायचं. सूनबाई माझ्या मागं उभी राहून हवेत हात फिरवून बघत होती.

"उचल आता. दोन्ही तळव्यांवर घे."

पडद्यात गोंधळ झाला, कुणीतरी हसलं. अर्धी तव्यावर, अर्धी परातीत.

"किती जणांला करायच्यात?" मी विचारलं.

"एकशे वीस. माणशी दोन."

माझ्या तव्यावरची फुगायला लागली होती. मी ती उलथण्यानं काढून निखाऱ्याकडं सरकवली.

"दुसरी टाक," म्हणालो.